सिंगापूरला निघालेल्या सिगारेट ओढणाऱ्यांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१४ साली नोकरीसाठी पुण्याहून सिंगापूरला आलो तेव्हा मी दिवसाला पाच-सहा सिगारेटी ओढत होतो. इथे त्या पंधरावर गेल्या. २०२३ च्या मार्चमध्ये सोडली. या काळात ओळखीतून आणि ओळखीच्या ओळखीतून आलेल्या नव्या मंडळींनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र लिहून ठेवतोय. ओढणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, पंधरा वर्षं मी स्वतः ओढली आहे. पण सोडावी असंच माझं मत आहे आणि ते उत्तरांतून दिसेल.

येताना बॅगेत किती पाकिटं आणता येतात?

करमुक्त एकही नाही. दारूला ठरावीक सवलत आहे, म्हणून लोकांना वाटतं सिगारेटलाही असेल. तशी ती नाही. खिशातल्या उघड्या पाकिटात चार कांड्या उरल्या असतील, तर त्याही जाहीर कराव्या लागतात. स्वतःपुरत्या ४०० ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण ४०० कांड्या, कर भरून आणता येतात. चांगी विमानतळावर उतरल्यावर हिरव्या मार्गिकेतून बाहेर न पडता लाल मार्गिकेत जायचं, पाकिटं दाखवायची, कर भरायचा आणि पावती जपून ठेवायची. न सांगता नेताना सापडलात तर दंड कराच्या कितीतरी पट असतो आणि नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी कस्टमच्या टेबलापाशी उभं राहावं लागतं.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती मुंबई विमानतळावर. तिथल्या ड्यूटी फ्री दुकानात कार्टन स्वस्त दिसतं, पण ते करमुक्त असतं भारताच्या बाजूने. सिंगापूरचा कर सिंगापूरला उतरल्यावर द्यावाच लागतो. शनिवार-रविवारी शेजारच्या मलेशियातल्या जोहोर बारूला किंवा इंडोनेशियातल्या बातामला जाऊन येणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

आई-बाबा काही महिन्यांसाठी येणार आहेत. आईला मिश्रीची सवय आहे. डबी आणली तर चालेल?

नाही. १ ऑगस्ट २०१६ पासून गुटखा, खैनी, जर्दा, तपकीर, म्हणजे तोंडात धरायचा किंवा नाकात ओढायचा तंबाखू इथे बंद आहे. कर भरून आणता येईल असाही मार्ग नाही. चघळायचा तंबाखूही त्यातच आला. हे घरी फोनवर नीट समजावून सांगा, कारण आपल्याकडे मिश्रीला कुणी व्यसन म्हणत नाही, दात घासण्याची वस्तू म्हणतात. बॅग भरताना ती ब्रश आणि कंगव्याच्या पिशवीत सहज जाते. त्यात त्यांचा काही लबाडीचा हेतू नसतो, पण कायदा हेतू विचारत नाही. शिवाय चाळीस वर्षांची सवय एका दिवसात तुटली की डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, चिडचिड होते. महिनाभर आधीपासून थोडी थोडी कमी करायला सांगा आणि गावातल्या डॉक्टरांशी एकदा बोलू द्या.

मग व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आणू का? त्याला वास येत नाही.

अजिबात आणू नका. इथे फेब्रुवारी २०१८ पासून व्हेप जवळ बाळगणंही गुन्हा आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नियम आणखी कडक झाले. त्या वेळी सज्ञान माणसाला पहिल्यांदा सापडल्यास ७०० सिंगापूर डॉलर दंड ठरला आणि परदेशी माणूस पुन्हा पुन्हा सापडला तर पास, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द करून देशाबाहेर पाठवण्याची तरतूद आली. काही व्हेपमध्ये इटोमिडेट नावाचं भुलीचं औषध मिसळलेलं सापडू लागलं, म्हणून ही कडक पावलं. तंबाखू जाळण्याऐवजी नुसता तापवणारी यंत्रंही बंदच आहेत. भारतातही २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे, पण तिकडे पानपट्टीवर मिळते म्हणून इथेही कुणी बघणार नाही असं समजू नका.

इथे सिगारेट केवढ्याला पडते?

मी सोडली त्या वर्षी फेब्रुवारीत सिगारेटवरचा कर १५ टक्क्यांनी वाढला आणि वीस कांड्यांचं पाकीट पंधरा डॉलरच्या आसपास गेलं. तेव्हाच्या हिशेबाने एक कांडी पंचेचाळीस रुपयांच्या पुढे. सुटी सिगारेट मिळत नाही, विसाहून लहान पाकीटही मिळत नाही. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्या विक्रीला बंदी आहे, तरी टपरीवर ‘एक दे’ म्हटलं की मिळते. इथे तसं होत नाही आणि त्याचा एक उलटा परिणाम होतो. पुण्यात एक घेऊन एक ओढली की विषय संपायचा. इथे खिशात सतत वीस असतात.

दुकानात पाकिटं २०१७ पासून झाकलेल्या कपाटात असतात. २०२० च्या जुलैपासून सगळ्यांचा रंग एकच, मळकट तपकिरी, आणि तीन चतुर्थांश भागावर आजारी फुप्फुसाचं किंवा सडलेल्या पायाचं चित्र. विकत घ्यायला वय २१ पूर्ण हवं. शिकायला आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना हे माहीत नसतं आणि ते सीनियरला आणायला सांगतात. सीनियरनो, देऊ नका. २१ च्या आतल्याला आणून देणं हाही गुन्हाच आहे.

गल्लीत कुणी निम्म्या भावात कर चुकवलेली पाकिटं विकतो असं ऐकू येईल. घेणाराही सापडतो, विकणारा एकटा नाही.

नेमकी कुठे ओढता येते?

उलटं विचारलं तर उत्तर सोपं जातं. छताखाली असेल तर बहुधा नाही. बसथांबा आणि त्याभोवतीचे पाच मीटर, इमारतीचे जिने, सामायिक कॉरिडॉर, तळमजल्यावरचं मोकळं व्हॉइड डेक, छताची पायवाट, पादचारी पूल, यातलं काहीच चालत नाही. ऑर्चर्ड रोड या खरेदीच्या रस्त्याचा परिसर २०१९ च्या जानेवारीपासून बंद आहे, ठरवून दिलेल्या जागा सोडून. २०२२ च्या जुलैपासून सगळी सार्वजनिक उद्यानं आणि दहा समुद्रकिनारेही बंद झाले. सापडलात तर जागेवर २०० डॉलर, कोर्टात गेलं तर १,००० पर्यंत.

उरतात त्या पिवळ्या चौकटी. ऑफिसच्या इमारतीमागे किंवा जुन्या कोपीटियामच्या, म्हणजे इथल्या साध्या कॉफी-खाण्याच्या हॉटेलच्या, एका कडेला जमिनीवर पिवळी रेघ मारलेली असते, मध्ये राखेचं ताट बसवलेला कचऱ्याचा डबा. रेघेच्या आत उभं राहायचं. बाहेर पाऊल गेलं तर कुणी अंकल बोटाने खूण करतो, बोलत नाही.

थोटूक टाकण्याबद्दल वेगळं सांगतो, कारण आपल्या माणसांची चूक इथेच होते. चपलेखाली विझवून पुढे जायची सवय हाताला असते. इथे तो कचरा टाकण्याचा गुन्हा आहे आणि पहिल्यांदाच ३०० डॉलर जातात. खिडकीतून टाकण्याचा तर विचारही नको. २०१५ च्या जानेवारीत एका माणसाला आपल्या फ्लॅटच्या खिडकीतून थोटकं टाकल्याबद्दल १९,८०० डॉलर दंड झाला होता. थोटकं तेहतीस, प्रत्येकाचे ६०० डॉलर. चौतिसाव्यासाठी त्याला पाच तास रस्त्यावरचा कचरा उचलायला लावलं. खिडकीवर रोखलेल्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं होतं.

स्वतःच्या भाड्याच्या घरात तरी ओढू शकतो ना?

कायद्याने हो. भाडेकराराने बहुधा नाही. सही करण्याआधी करार वाचा, त्यात धूम्रपानाचं कलम जवळजवळ नेहमी असतं. घर सोडताना पडद्यांचा वास, छताचा पिवळेपणा, एसीच्या जाळीतली चिकट काजळी मोजली जाते आणि अनामत रकमेतून कापली जाते. माझे एकदा साडेसातशे डॉलर गेले. घरमालकिणीची तक्रार खोटी नव्हती.

शेजारही बघा. एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, इमारतींत लोक खिडकीबाहेर बांबूंवर कपडे वाळत घालतात. तुम्ही सातव्या मजल्यावर खिडकीत ओढलीत तर आठव्या मजल्यावरच्या बाळाच्या दुपट्याला वास लागतो. माझ्या वरच्या बाईंनी एकदा खाली येऊन तो छोटासा टॉवेल माझ्या नाकाशी धरला. त्या रागावल्या नव्हत्या. फक्त म्हणाल्या, वास घ्या. त्या दिवसापासून घरात ओढली नाही.

भारतात दिवसाला पाच होत्या, इथे आल्यावर पंधरा झाल्या. ताणामुळे का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला गेला. लोक ऑफिसच्या ताणाकडे बोट दाखवतात. मला ते अर्धंच खरं वाटतं.

पुण्यात सिगारेट टपरीला बांधलेली होती. चार वाजले की तिघं-चौघं खाली उतरायचो, कटिंग यायचा, कुणाच्या तरी बहिणीच्या लग्नाचं, कुणाच्या गावच्या पाण्याचं बोलणं व्हायचं. मेंदूने निकोटिन आणि ती माणसं एकाच गाठीत बांधली. इथे आलो तेव्हा माणसं गेली, सिगारेट राहिली. संध्याकाळी सात वाजता रिकाम्या खोलीत कुलूप उघडायच्या आधी मी खाली उभा राहून एक ओढायचो, कारण वर जाऊन करायचं काय हा प्रश्न होता. मग जेवणानंतर एक. घरी फोन झाल्यावर एक, कारण फोन ठेवल्यावरची शांतता फार जड असते. त्या तलफेतला निकोटिनचा वाटा थोडा होता, बाकी सगळी आठवण होती.

शिवाय पिवळ्या चौकटीत ओळखी होतात. हे मी नाकारणार नाही. माझ्या कोपीटियामच्या कडेला एक टॅक्सी चालवणारे अंकल, एक बांगलादेशी वेल्डर आणि मी असे तिघं रोज रात्री नऊच्या सुमारास असायचो. भाषा एकमेकांना धड येत नव्हती. लायटर मात्र एकच चालायचा, अंकलचा, हिरवा, वरचं लोखंड झिजून चकाकणारा. परक्या गावात कुणीतरी रोज आपली वाट बघतं ही भावना फार मोठी असते. म्हणून नुसती ‘सोडा’ असं सांगून कुणाची सुटत नाही. त्या नऊच्या वेळेला काय, याचं उत्तर आधी तयार लागतं.

घरी माहीत नाही. सांगावं का?

लपवण्यात परदेश फार मदत करतो, म्हणूनच सांगा असं मी म्हणेन. अंतर असलं की वास येत नाही, कपडे कुणी धूत नाही, पैशाचा हिशेब कुणी मागत नाही. माझ्या आईला कळलं ते आवाजावरून. व्हिडिओ कॉल चालू होता, कॅमेरा भिंतीकडे होता आणि लायटरची टिक् झाली. ती दोन क्षण थांबली आणि म्हणाली, “जेवलास का?” पुढे तीन वर्षं तिने विषय काढला नाही. पण प्रत्येक फोनला आधी खोकल्याची चौकशी करायची. तिला ते एकटीने बाळगावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं. बायको बरोबर राहत असेल तर लपवणं शक्यच नसतं, आणि ती गरोदर असेल किंवा घरात लहान मूल असेल तर बाल्कनीत ओढून आत येणंही पुरेसं नाही. कपड्यांवर, केसांवर बसलेला धूर आत येतोच.

मी मुलगी आहे. गावी कधी उघड ओढता आली नाही, इथे कुणी बघतही नाही. तुम्ही मलाही सोडच म्हणणार?

ती मोकळीक खरी आहे आणि ती तुमच्याकडून कुणी काढून घेऊ नये. चौकटीत उभ्या असलेल्या बाईकडे इथे कुणी वळून बघत नाही. माझ्या दोन सहकारी मैत्रिणींनी सिगारेट इथेच सुरू केली, नेमकी याच मोकळ्या वाटण्यातून. एकीची वर्षभरात दहावर गेली. सोडताना तिला वाटायचं की सिगारेटबरोबर ते मोकळेपणही जाईल. तसं झालं नाही, ती अजूनही एकटी फिरते, रात्री उशिरा घरी येते. फक्त पाकीट घेत नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल आणि वय ३५ च्या पुढे असेल, तर सिगारेटमुळे रक्ताच्या गुठळीचा आणि हृदयविकाराचा धोका बराच वाढतो. हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, आपल्याकडे बाईला ते विचारतच नाहीत.

भारतातल्या मुदत विम्यात ‘धूम्रपान नाही’ लिहिलं तर? परदेशात कोण तपासतं?

असं लिहू नका. कोटिनिन तपासणीत रक्त किंवा लघवीतून निकोटिनचा माग दिसतो. आणि तपासणी झालीच नाही तरी विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पहिल्या तीन वर्षांत कंपनी खोट्या माहितीवरून पॉलिसीवर प्रश्न उभा करू शकते. हप्ता थोडा जास्त भरा. दावा करायची वेळ येईल तेव्हा तुम्ही नसाल, कागद घेऊन तुमची बायको धावत असेल.

सोडायची ठरवली आहे. सुरुवात कुठून करू?

आठवडाभर फक्त नोंद ठेवा. किती वाजता ओढली, कुठे ओढली आणि आधी काय घडलं. माझ्या नोंदीत पंधरापैकी सहा एकाच रस्त्यावरच्या निघाल्या, एमआरटी म्हणजे मेट्रोचं स्टेशन ते घर. मग तारीख ठरवा.

इथल्या हेल्थ प्रमोशन बोर्डाचा २८ दिवसांचा कार्यक्रम आहे, कारण पहिला महिना निभावला की पुढे टिकण्याची शक्यता खूप वाढते. सर्वांत वाईट दिवस दुसरा-तिसरा. झोप उडते, लक्ष लागत नाही, क्षुल्लक गोष्टीवर डोकं तडकतं. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. शक्यतो लांब सुट्टीच्या आधीची तारीख घ्या. मी शुक्रवार घेतला होता.

निकोटिनचे पॅच आणि च्युइंग गम औषधाच्या दुकानात फार्मासिस्टला विचारून घ्या. नुसत्या इच्छाशक्तीवर सोडण्यात काही विशेष मोठेपणा नाही, मदत घेतलेल्यांची जास्त सुटते. गम मात्र बहुतेक जण चुकीचा खातात. तो साध्या च्युइंग गमसारखा चघळत राहायचा नसतो. सावकाश चावायचा, तिखटसर झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवायचा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचा. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर साधारणपणे ४ मिलिग्रॅमचा गम देतात, नाहीतर २ चा. भराभर चघळला की उचकी लागते, मळमळतं आणि माणूस म्हणतो, मला सोसत नाही.

रात्रभर पॅच ठेवला की स्वप्नं फार स्पष्ट पडतात. मला आठवडाभर कॉलेजमागची टपरी दिसत होती, काचेच्या बरणीतल्या क्रीमरोलसकट. त्रास झाला तर झोपताना पॅच काढा.

दमा, फिट, मानसिक आजार अशांची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. सिगारेटचा धूर काही औषधं शरीरातून भराभर बाहेर काढतो. सोडली की त्यांचा अंमल वाढतो आणि मात्रा बदलावी लागते.

सोडल्यापासून हात थरथरतात, छातीत धडधडतं. हे निकोटिनमुळेच ना?

आधी कॉफी मोजा. वर औषधांबद्दल जे सांगितलं तेच कॅफीनला लागू आहे. ओढणाऱ्याच्या यकृतात कॅफीन वेगाने फुटतं, सोडली की ते रक्तात जास्त वेळ राहतं. इथली कोपी-ओ, म्हणजे बिनदुधाची कॉफी, मुळातच कडक असते. मी दिवसाला चार घ्यायचो, सोडल्यावर त्याच चार मला झोपू देईनात. निम्म्यावर आणल्या आणि तीन दिवसांत थरथर थांबली. कॉफी कमी करूनही धडधड राहिली, किंवा छातीत दुखलं, तर थेट डॉक्टरांकडे.

सुट्टीला घरी गेलो की पुन्हा सुरू होते. काय करू?

माझी दोनदा तशीच सुरू झाली, २०१८ आणि २०२१ मध्ये. दोन्ही वेळा टपरीवर, दोन्ही वेळा सगळ्यात जवळच्या मित्राने पुढे केलेली. “अरे, इतक्या वर्षांनी आलास, एक तर घे.” त्यात प्रेम होतं, म्हणून नाही म्हणता आलं नाही.

तिसऱ्या वेळी विमानात बसायच्या आधीच त्याला फोन केला आणि सांगितलं की मला दोनदा तूच दिली होतीस, या वेळी देऊ नकोस. तो गप्प झाला. मी गेलो तेव्हा टपरीवर माझ्यासाठी कटिंग सांगितला आणि स्वतः रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन ओढून आला. बारा दिवस रोज. ज्याच्याबरोबर ओढत होतात त्यालाच आधी सांगा. अनोळखी माणूस आग्रह करत नाही.

सोडून वर्ष झालं, पण रात्री नऊला पाय चौकटीकडेच वळतात.

मी सहा महिने रस्ता बदलला होता, स्टेशनवरून मागच्या गेटाने यायचो. मग एका रात्री मुद्दाम पुढून आलो. वेल्डर मायदेशी परतला होता, अंकल होते. त्यांनी सवयीने लायटर पुढे केला. मी मान हलवली, खिशातली गमची पट्टी दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन दिव्याखाली उलटसुलट बघितली आणि किंमत विचारली. आता मी रेघेच्या अलीकडे कोपीचा कप घेऊन उभा राहतो, ते पलीकडे. मध्ये दोन-अडीच मीटर अंतर आहे, बोलायला थोडा आवाज चढवावा लागतो.